थर्टीफर्स्ट आणि लाँग वीकेंडची गर्दी: नागाव-अलिबागच्या होमस्टेवाल्यांनी काय काय करायचं

नागावात आमच्या वाडीत पाच खोल्यांचा होमस्टे आहे. दर वर्षी डिसेंबर लागला की आळीतल्या नवीन होमस्टेवाल्यांचे फोन सुरू होतात, ताई गाड्या कुठे लावायच्या, ताई विहिरीला पाणी पुरेल ना, टँकरवाल्याला आत्ताच सांगून ठेवू का. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. अलिबाग शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत वीस हजारांच्या आसपास होती, आपली गावं तर त्याहून लहान, आणि इथले रस्ते, विहिरी, ट्रान्सफॉर्मर सगळे तेवढ्याच माणसांच्या हिशोबाने झालेले आहेत. त्यात मुंबई-ठाणे-पुणे एकदम उतरतं तेव्हा आपण म्हणतो की फार माणसं आली. पण इतक्या वर्षांत मला दिसलंय ते असं की खरी पंचाईत होते ती सगळी एकाच वेळेला आल्यामुळे. शनिवारी अकरा ते एकमध्ये सगळ्यांना खोली हवी, दीडला सगळ्यांना ताट हवं, पाचला सगळे पाण्यात, रविवारी चारला सगळे गाडीत. हीच माणसं दोन-दोन तास पुढेमागे झाली तर तोच रस्ता आणि तीच विहीर पुरते, म्हणून खाली जे काय लिहिलंय ते जवळजवळ सगळं वेळ पुढेमागे कशी करायची याबद्दलच आहे.

येणाऱ्यांची वेळ बुकिंगलाच ठरवा

आपण ॲडव्हान्स मागतो, आधार कार्ड मागतो, पण घरातून निघणार किती वाजता हे कोणी विचारत नाही. तेच पहिलं विचारा. मुंबई-गोवा हायवेवरून आपला फाटा वडखळला फुटतो, तिथून धरमतर, पोयनाड, कार्लेखिंड असं करत अलिबाग वीस-पंचवीस किलोमीटर, आणि शनिवारी सकाळी नऊनंतर हा सगळा पट्टा मुंगीच्या चालीने चालतो. अटल सेतूचं १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं तेव्हापासून पाहुण्यांना वाटतं की आता अलिबाग म्हणजे दीड तास. पूल छानच आहे, जवळजवळ २२ किलोमीटर लांब, त्यातले साडेसोळा किलोमीटर सरळ समुद्रावरून येता, मुंबईच्या बाहेर पडायचा त्रास वाचतो, पण उतरल्यावर पेण-वडखळ चुकत नाही, तिथे पुलावरून आलेले आणि पनवेलवरून आलेले एकाच रांगेत उभे राहतात. हे त्यांना फोनवर स्पष्ट सांगायचं. पहाटे पाचच्या आत निघा आणि आठपर्यंत या, नाहीतर सरळ घरी जेवून दुपारी दोननंतर निघा, मधल्या वेळेत निघू नका.

आता पहाटे निघा म्हटलं की लगेच प्रश्न येतो, आठला येऊन करू काय, खोली तर बाराला मिळणार. इथे आपल्याला थोडी सोय करावी लागते. आम्ही पडवीत दोन बाक, एक झोपाळा आणि मागचं एक बाथरूम फक्त लवकर येणाऱ्यांसाठी ठेवलंय, सामान आतल्या खोलीत कुलपात ठेवायचं, पोहे-चहा घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत समुद्रावर जाऊन यायचं. नाश्त्याचे पैसे घेतो, पडवीचे घेत नाही. पहिल्या वर्षी दोनच कुटुंबं तयार झाली, आता अर्ध्याहून जास्त लोक सकाळीच येतात, आणि त्यांची सगळ्यात छान आठवण तीच असते, कारण सकाळी नागावचा किनारा जवळजवळ मोकळा असतो.

ज्यांच्याकडे सामान कमी आहे त्यांना गाडी आणूच नका म्हणून सांगा. गेटवेहून मांडव्याला लाँच आहे, तासाभरात माणूस इकडे. ज्यांना गाडी आणायचीच आहे त्यांना भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाडीसकट नेणारी बोट आहे, २०२० पासून सुरू आहे, पण तिचं गाडीचं बुकिंग सुट्टीच्या दिवसांचं आधीच भरतं, ऐनवेळी भरवसा नाही. लाँचने येणाऱ्यांसाठी आपल्या ओळखीचा एक मिनीडोअरवाला, म्हणजे सहा सीटर रिक्षावाला, वेळेसकट ठरवून ठेवायचा, दर आधी बोलून घ्यायचा आणि पाहुण्यांना तोच दर आधी कळवायचा, म्हणजे जेट्टीवर घासाघीस होत नाही आणि आपल्या माणसाला चार फेऱ्या मिळतात. जून ते ऑगस्ट लाँचा बंद असतात, त्या दिवसांत हे सांगून कोणाला अडचणीत टाकू नका.

गाड्या

अलिबाग-रेवदंडा रस्ता तुम्हाला माहितीच आहे, दोन्ही बाजूला वाड्यांचे गडगे, एसटी आणि टुरिस्ट बस समोरासमोर आल्या की एकाला मागे जावंच लागतं. अशा रस्त्यावर एक गाडी जरी अर्धी बाहेर राहिली तरी मागे पंचवीस उभ्या राहतात. म्हणून जितक्या गाड्या आपल्या आवारात मावतात तितक्याच घ्यायच्या, खोल्या रिकाम्या राहिल्या तरी चालेल. मी हे मनापासून सांगते, कारण मी एकदा उलटं केलं होतं.

काही वर्षांपूर्वी थर्टीफर्स्टला आमच्याकडे पाच खोल्या आणि आठ गाड्या झाल्या, तीन गाड्या आळीत भिंतीला लावल्या, वाटलं एका रात्रीचा तर प्रश्न आहे. रात्री साडेदहाला आळीतल्या एका आजोबांच्या छातीत दुखायला लागलं, १०८ ला फोन केला, ॲम्ब्युलन्स नाक्यापर्यंत आलीसुद्धा, पण आत शिरेना. गाड्यांचे मालक समुद्रावर, फोन लागत नाहीत. शेवटी चार पोरांनी आजोबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून हमरस्त्यापर्यंत नेलं. आजोबा वाचले, पण त्या रात्री त्या तीनही गाड्या माझ्याच पाहुण्यांच्या होत्या आणि तिथे लावायला मीच सांगितलं होतं, हे मी विसरू शकत नाही.

तेव्हापासून आमची पद्धत ठरलेली आहे. शुक्रवारी संध्याकाळीच वाडीत फक्की मारून गाड्यांचे चौकोन आखायचे, शाळेच्या मैदानावर खो-खोसाठी मारतात ना तशी. नारळाच्या बुंध्याखाली चौकोन आखायचा नाही, वरून झावळी किंवा नारळ पडला की काच गेलीच आणि सगळी सुट्टी भांडणात. गाडी लावतानाच विचारायचं, परत कधी निघणार. जो आधी निघणार त्याची गाडी फाटकाजवळ, जो शेवटी निघणार त्याची सगळ्यात आत. किल्ली आपल्याकडे, खोली नंबरची चिठ्ठी लावून खिळ्याला. जो किल्ली द्यायला तयार नाही त्याची गाडी कोणाच्याही वाटेत येणार नाही अशाच जागी लावायची. आणि आळी, काहीही झालं तरी, मोकळी.

मॅपचं पण बघा. मॅप बऱ्याचदा गाडीला जवळच्या वाटेने म्हणून अशा आळीत घालतो जिथून बैलगाडीसुद्धा जपून काढतात. नुसतं लोकेशन पाठवू नका, सोबत एक व्हॉइस नोट पाठवा, नाक्यावरून कुठे वळायचं, कुठे वळायचं नाही, आपल्या फाटकाची खूण काय. गर्दीच्या दिवशी दुपारनंतर नेटवर्क मार खातं, त्यामुळे हे आदल्या दिवशीच गेलेलं असलं पाहिजे.

भरती-ओहोटी, हे सगळ्यात महत्त्वाचं

शहरातून येणाऱ्या माणसाला वाटतं की समुद्र काय, कधीही जावं. किनारा कधी किती रुंद असतो हे आपल्याला माहिती, त्यांना नाही, आणि गर्दीचा अर्धा धोका इथेच आहे. ओहोटीला वाळू उघडी असते तेव्हा हजार माणूस पसरून जातं, आणि उधाणाच्या भरतीला तेच हजार माणूस सुरूच्या झाडांपाशी एकमेकांना खेटून उभं असतं, त्यात घोडागाड्या, त्यात बनाना बोटीवाले, त्यात पोरं.

आमच्या सासऱ्यांनी शिकवलेला हिशोब सांगते, कोळ्यांना तर तो पाठच असतो. कॅलेंडरवरची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, सकाळी सहाच्या आसपास आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, ओहोटी दुपारी बाराला. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावस्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी पाणी वर आणि संध्याकाळी पाच-सहाला किनारा लांबच्या लांब मोकळा. वद्य पक्षातही एकपासूनच मोजायचं. तासभर इकडेतिकडे होतं, म्हणून नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघून घ्याच, पण बुकिंगचा फोन चालू असतानाच अंदाज येतो हा याचा फायदा.

आणि नुसती वेळ बघून भागत नाही, उधाण की भांग हेही बघा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढतंही कमी, उतरतंही कमी. कुलाबा किल्ल्यावर जाणाऱ्यांना हे सांगितलंच पाहिजे. किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात, ओहोटीला चालत जाता येतं, घोडागाडीही जाते, आत गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची टाकी आहे, बघण्यासारखं भरपूर आहे. पण उधाणाच्या दिवशी जी वाट कोरडी असते तीच भांगाच्या दिवशी ओहोटीलाही गुडघाभर पाण्यात असू शकते. आणि पाणी परत यायला लागलं की समोरून येत नाही, बाजूच्या सखल भागातून वळसा घालून मागे भरतं, हे शहरातल्या माणसाच्या लक्षातच येत नाही, तो पुढे बघत फोटो काढत असतो. आम्ही पाहुण्यांना सरळ घड्याळ लावून देतो, ओहोटीच्या आधी दीड तास निघायचं, ओहोटीनंतर एक तासाच्या आत किनाऱ्यावर परत. दाराजवळ खडूच्या फळ्यावर तीनच ओळी असतात, आज भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, पाण्यात जाऊ नका ती वेळ कोणती. लॅमिनेट केलेल्या मोठ्या सूचना कोणी वाचत नाही, पण रोज हाताने लिहिलेला फळा प्रत्येक जण वाचतो, पोरं तर वाचून आईबापांना सांगतात.

किनाऱ्यावर गाडी घालणं हा दुसरा प्रकार. मनाई आहे तरी घालतात, ओल्या वाळूत चाक रुततं, मग रेस दिली की अजून खाली जातं, तोवर भरती. मग ट्रॅक्टर शोधत फिरतात, आणि ते बघायला दोनशे माणूस गोळा होतं ते वेगळंच. गाडीची किल्ली आपल्या खिळ्याला असेल तर निदान आपल्याकडून हे होत नाही.

सूर्य मावळला की पाण्यात कोणी नको, प्यायलेला माणूस तर दिवसासुद्धा नको. हे सांगताना लाजू नका, पाहुणा नाराज झाला तरी चालेल. लहान पोरांच्या हातावर, मनगटाच्या वर, आईचा मोबाईल नंबर बॉलपेनने लिहून टाका, आमच्याकडे हे काम माझी मुलगी करते आणि पोरांना ते फार आवडतं. दोनदा असं झालंय की हरवलेलं पोर दहा मिनिटांत परत आलं. आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आहे का ते विचारून घ्या.

पाणी

आपल्या विहिरी समुद्राच्या इतक्या जवळ आहेत की गोडं पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या थरासारखं असतं. एका दमात जास्त उपसा केला की खालून खारं पाणी वर येतं आणि विहीर मचूळ होते, मग ती पुढचा पाऊस पडेपर्यंत पूर्ववत होईलच असं नाही. चार दिवसांच्या धंद्यासाठी नारळी-पोफळीची वाडी मारायची नाही. म्हणून पंप सलग चालवू नका, पहाटे तासभर, दुपारी थोडा, रात्री तासभर, मध्ये विहिरीला झरू द्या. टाक्या गुरुवारीच भरलेल्या पाहिजेत. डाळ शिजायला नेहमीपेक्षा वेळ लागायला लागला की समजायचं पाणी बदलतंय, पंप बंद करायचा आणि टँकर मागवायचा.

समुद्रावरून आलेला प्रत्येक जण वाळूसकट बाथरूममध्ये जातो आणि वीस मिनिटं शॉवर. आम्ही फाटकाच्या आत नळ आणि दोन बादल्या ठेवल्यात, आधी तिथे पाय-हात धुवायचे, ते पाणी पाटाने केळींना जातं. पाणी वाचतं आणि बाथरूमची मोरी तुंबत नाही, थर्टीफर्स्टच्या रात्री मोरी तुंबली तर प्लंबर मिळत नाही हे अनुभवाने सांगते. सेप्टिक टँक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उपसून घ्या.

जेवण, आणि संध्याकाळची पोपटी

दुपारच्या जेवणाच्या दोन पंगती करा, साडेबारा आणि दोन, आणि सकाळी नाश्त्यालाच कोण कुठल्या पंगतीला ते लिहून घ्या. मेनू एकच ठेवा, एक शाकाहारी ताट, एक मासळीचं. ३१ तारखेला पापलेट-सुरमईचे भाव कुठे जातात ते आपण बघतो, त्यामुळे पाहुण्यांना आधीच सांगा की बाजारात जे ताजं मिळेल ते ताटात येईल, बांगडा आला तर बांगडा. कोणी तक्रार करत नाही, नीट सांगितलं तर.

संध्याकाळी सात ते दहा सगळं गाव किनाऱ्यावर लोटतं, त्या वेळेत आपले पाहुणे वाडीतच रमले तर किनाऱ्यावरचा तेवढा भार कमी होतो, आणि त्यासाठी आपल्या रायगडात पोपटीसारखं दुसरं काही नाही. मोठं मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्ड्याचा, म्हणजे आपल्याकडच्या एका वासाच्या रानटी झुडपाचा, पाला दाबून भरायचा, त्यावर वालाच्या शेंगा मीठ-ओवा लावून, मध्ये अंडी, बटाटे, मसाला लावून पानात गुंडाळलेली कोंबडी, परत शेंगा, आणि तोंडाला पुन्हा भांबुर्डा इतका घट्ट की मडकं उलटं केलं तरी काही हलता कामा नये. मग उलटंच ठेवायचं, भोवती गोवऱ्या, सुकी लाकडं, पेंढा लावून जाळ करायचा. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे, चर्र होऊन लगेच उडाले की झाली. पाण्याचा एक थेंब आत घालायचा नाही, सगळं आपल्याच वाफेवर शिजतं. मडकं फोडायला, पाला काढायला, गरम शेंगा सोलायला पोरंटोरं, आजीआजोबा सगळे गोल बसतात, दोन तास कोणाला फोन आठवत नाही आणि समुद्रही आठवत नाही. गावठी शेंगा डिसेंबर अखेरीला कमी असतात, शेतकऱ्याला आधी सांगून ठेवा. जाळ गवतापासून आणि गाड्यांपासून लांब, शेजारी दोन बादल्या पाणी.

बाकीचं थोडक्यात. सगळे एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज पडतो, त्यामुळे संध्याकाळी पडवीत आणि वाडीत बसायची सोय असली की तेही आपोआप सुटतं. काचेची बाटली समुद्रावर न्यायची नाही, फाटकावर स्टीलच्या बाटल्या ठेवा, फुटलेल्या काचेवर सकाळी आपलेच कोळी अनवाणी चालतात. यूपीआय अडकतं, सुट्टे पैसे आणून ठेवा. मार्चपासून मेपर्यंत रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा, जांभळं, ताडगोळे विकायला बसणाऱ्या आपल्या बायकांना सांगा की टोपली रस्त्यापासून दहा पावलं आत, जिथे गाडी पूर्ण बाहेर घेता येईल अशा जागी मांडा, विक्री कमी होत नाही उलट गाडी थांबली की माणूस निवांत घेतो.

एकट्याने होत नाही

हे सगळं एका घराने करून भागत नाही. आळीतल्या सगळ्या होमस्टेवाल्यांनी पंधरा दिवस आधी एकदा बसा, ग्रामपंचायतीच्या माणसाला बोलवा, आणि तीन गोष्टी ठरवा. आळीत गाडी लावायची नाही आणि कोणी लावली तर कोणी हलवायला सांगायचं. कोणाकडे किती गाड्यांची जागा उरली आहे, म्हणजे माझ्याकडे भरलं तर शेजारी पाठवता येईल, त्याचे पैसे शेजाऱ्याला. आणि रात्री दहा ते दोन नाक्यावर कोणती दोन पोरं टॉर्च घेऊन उभी राहणार. आमच्या आळीत पहिल्या वर्षी मीटिंगला चार घरं आली होती, गेल्या वर्षी अकरा.

रविवारी परत पाठवणं

रविवारी चार ते नऊ वडखळपर्यंत रस्ता भरलेला असतो. चेकआउट सगळ्यांना दहाला ठेवलंत तर काय होतं, लोक दहाला बॅगा भरतात, दिवसभर बॅगा गाडीत टाकून किनाऱ्यावर भटकतात आणि चारला एकदमच निघतात. आम्ही तीन पर्याय देतो. नाश्ता करून साडेनऊच्या आत निघा, पोळीभाजीचा डबा बांधून देते. नाहीतर खोली सोडा पण पडवी तुमची, रात्री आठला पिठलं-भाकरी खाऊन नऊनंतर निघा, पण गाडी चालवणाऱ्याने दुपारी झोपलेलं असलं पाहिजे. नाहीतर रात्र काढा, सोमवारी पहाटे साडेचारला मी चहा करून देते आणि आठला तुम्ही ऑफिसच्या वाटेला. रविवारच्या रात्रीचे मी अर्धेच पैसे घेते, खोली एरवी रिकामीच असते. तिसरा पर्याय घेणारे सगळ्यात जास्त वेळा परत येतात.

सोमवारी पंप दिवसभर बंद ठेवते, विहिरीत दोरी सोडून पाणी किती खाली गेलंय ते बघते आणि वहीत लिहिते, तारीख, तिथी, किती माणसं, किती गाड्या, पाणी किती हात खाली. तुम्हीही यंदापासून लिहायला लागा. कोणाला आमची वही बघायची असेल तर सकाळी अकरानंतर या, तोवर चादरी धुऊन वाळत पडलेल्या असतात.